साताऱ्याची प्रिया : सडलेल्या स्कूटरचा पत्रा कसा वाचवावा

वाई, मेणवली, पसरणी, भुईंज या पट्ट्यातल्या कितीतरी वाड्यांच्या पडवीत, नाहीतर गोठ्याच्या कोपऱ्यात अजूनही एखादी ‘प्रिया’ स्कूटर उभी आहे. वडिलांनी किंवा आजोबांनी घेतलेली, टायर बसलेले, फूटबोर्डातून खालची जमीन दिसणारी. घर रंगवायला काढलं की भंगारवाल्याला हाक मारली जाते आणि ती किलोवर जाते. हा लेख त्या हाकेआधी वाचावा, म्हणून लिहिला आहे.

प्रिया ही आपल्या जिल्ह्याची गाडी. बजाज ऑटो आणि पश्चिम महाराष्ट्र विकास महामंडळ यांनी मिळून १९७५ मध्ये महाराष्ट्र स्कूटर्स ही कंपनी काढली, साताऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत कारखाना उभा केला आणि तिथून दीडशे सीसीची टू-स्ट्रोक प्रिया बाहेर पडू लागली. बजाजच्या चेतक स्कूटरसाठी लोक वर्षानुवर्षं नंबर लावून बसत, त्या काळातली ही गोष्ट. जुन्या परदेशी स्पोर्ट्स कार दुरुस्त करणाऱ्यांचं जगभर कौतुक होतं आणि ते रास्त आहे. पण वाईत राहणाऱ्या माणसाने स्वतःच्या हाताने गंजातून बाहेर काढावी अशी गाडी कोणती, असं विचारलं तर माझं उत्तर प्रिया हेच आहे. ती इथे घडली, तिचे सुटे भाग मिळतात आणि तिच्या पत्र्यावर शिकलेलं काम पुढे पद्मिनीला किंवा एखाद्या एमजी मोटारीलाही लागू पडतं.

लागू पडतं याचं कारण रचनेत आहे. प्रियाचं घराणं इटलीच्या व्हेस्पाचं. पिआजो कंपनीची ही स्कूटर १९४६ मध्ये आली आणि तिची रचना कोर्राडिनो दास्कानिओ या विमानांच्या अभियंत्याने केली होती. त्याने पाइपांची चॅसी ठेवलीच नाही. पुढचं शील्ड, पाय ठेवायचा फूटबोर्ड, त्याच्या मधला पोकळ उंचवटा आणि सीटखालची पोकळ पाठ हे सगळे दाबून घडवलेले पत्रे एकमेकांना जोडले, की त्यांचाच सांगाडा होतो. बजाजने साठच्या दशकात पिआजोच्या परवान्यावर व्हेस्पा बनवली. तो करार १९७१ मध्ये संपला, पण सांगाडा तोच राहिला. उलट मुंबईच्या एपीआय कंपनीने आणलेल्या लॅम्ब्रेटाच्या पोटात जाड पाइप असतो. लॅम्ब्रेटाचा फूटबोर्ड सडला तर पाय खाली जाईल, गाडी मोडणार नाही. प्रियाचा फूटबोर्ड सडला म्हणजे गाडीचा कणाच सडला. मोटारींतही हाच फरक आहे. १९५५ ची एमजीए वेगळ्या चॅसीवर बसलेली होती, १९६२ ची एमजीबी चॅसीशिवाय आली. कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सची पद्मिनीही बिनचॅसीची.

म्हणून या लेखात एकच गोष्ट पुन्हा पुन्हा येईल : गंजलेल्या प्रियावर लांबी भरून रंग मारणं म्हणजे दुरुस्ती नव्हे. ते धोकादायक आहे. व्हिएतनाममधून चकचकीत रंगवून अमेरिका-युरोपात विकल्या गेलेल्या अनेक जुन्या व्हेस्पांमध्ये रंगाखाली वेड्यावाकड्या जोडलेल्या पत्र्यांचे तुकडे आणि त्यावर थापलेली लांबी निघाली. तिकडच्या जाणकारांनी त्याबद्दल ग्राहकांना वारंवार सावध केलं आहे. आपल्याकडे हेच काम ‘डेंटिंग-पेंटिंग’ या नावाने राजरोस चालतं.

आधी टोच्या, मग पान्हा

गाडी धुऊन घ्या आणि कुठलाही बोल्ट सैल करण्याआधी ती तपासा. हातात एक टोच्या आणि छोटं लोहचुंबक असलं की पुरे. चुंबकाला पातळ फडकं गुंडाळून पत्र्यावरून फिरवा. जिथे ते धरत नाही तिथे रंगाखाली लांबी आहे, म्हणजे आधीच कुणीतरी काहीतरी झाकलेलं आहे. मग गाडी जुन्या गोधडीवर आडवी निजवा (पेट्रोल आणि बॅटरी आधी काढून) आणि खालून टोच्या दाबत जा. शाबूत पत्र्यावर टोच्या घसरतो, सडलेल्या पत्र्यात रुततो. रात्री फूटबोर्डाखाली दिवा ठेवून वरून पाहिलं तर बारीक भोकंसुद्धा चांदण्यांसारखी दिसतात.

कुठे पाहायचं? फूटबोर्डावरच्या रबरी पट्ट्यांच्या खाली सगळ्यात आधी. त्या पट्ट्या रिव्हेटने बसवलेल्या असतात, त्यांच्याखाली पाणी आणि चिखल वर्षानुवर्षं साचून राहतो. त्यानंतर फूटबोर्डाच्या पोटाशी असलेल्या आधारपट्ट्या, डबल स्टँड जिथे बोल्टने धरलेला असतो ती जागा, शील्डच्या कडेचं बीडिंग, ब्रेक पेडलच्या भोवती, मागच्या चाकाच्या वरचा भाग, बॅटरीची बैठक आणि टाकीखालचा खोलगट पत्रा. स्टँडची जागा हमखास गेलेली असते, कारण गाडी स्टँडवर ओढताना सगळं वजन त्याच चार बोटं जागेवर येतं.

गाडी कुठे उभी होती तेही लक्षात घ्या. गोठ्यात उभी असेल तर गोमूत्रातल्या क्षारांनी आणि अमोनियाने खालचा पत्रा खाल्लेला असतो. खताच्या पोत्यांशेजारी ठेवलेली गाडी तर सगळ्यात वाईट, कारण खतं हवेतली ओल ओढून घेतात आणि ते खारट पाणी पत्र्यावर बसतं. ताडपत्री घट्ट बांधून ठेवलेली गाडी सुरक्षित असते हा समज खोटा आहे. प्लास्टिकखाली ओल कोंडते आणि रोज पहाटे पत्र्याला घाम सुटतो. डिक्कीत उंदरांनी घर केलं असेल तर तिथला पत्राही नीट पाहा.

आता निर्णय. फूटबोर्ड, त्याखालच्या पट्ट्या, शील्डचा खालचा भाग, साइड कव्हरं, मडगार्ड हे सगळं बदलता येतं. सीटखालची पाठ, हँडलचा दांडा जिच्यातून जातो ती पुढची उभी नळी आणि चॅसी नंबर कोरलेला पत्रा हे तीन भाग शाबूत हवेत. ते असतील तर गाडी वाचते, मग बाकी कितीही वाईट दिसो. नळीच्या मुळाशी चीर असेल किंवा पाठीचा पत्रा चुरमुऱ्यासारखा निघत असेल, तर त्या गाडीवर पैसे घालू नका. तिचे चांगले भाग दुसऱ्या प्रियाला द्या.

खर्च करण्याआधी कागदही तपासा. आरसी बुकावरचा चॅसी आणि इंजिन नंबर गाडीवरच्या नंबरांशी जुळतो का ते वाचा. त्यासाठी नंबरावरचा रंग केरोसीनच्या फडक्याने आणि नायलॉनच्या ब्रशने काढा. तिथे ग्राइंडर, तारेचा ब्रश किंवा ॲसिड लावू नका. पुसट झालेला नंबर स्वतः पुन्हा कोरणं हा गुन्हा आहे. नंबराच्या जागेवर गंज असेल तर काम थांबवा आणि सातारच्या परिवहन कार्यालयात गाडीची स्थिती दाखवून विचारा. गाडी वारलेल्या वडिलांच्या नावावर असेल तर वारसाच्या नावाने हस्तांतर आधी करून घ्या.

सोडवणं

हे काम घरचं आहे. दुसऱ्याला देऊ नका, कारण सोडवताना जे कळतं तेच जोडताना उपयोगी पडतं. प्रत्येक भाग काढण्याआधी मोबाइलवर फोटो घ्या, नट-बोल्ट वेगवेगळ्या पिशव्यांत ठेवून त्यावर चिठ्ठी लावा. केबल कुठून आत शिरते आणि कुठून बाहेर पडते हे वहीत काढून ठेवा. मधल्या पोकळ उंचवट्यातून क्लच, गिअर आणि ब्रेकच्या केबल आणि वायरिंग जातं. वेल्डिंगआधी हे सगळं बाहेर काढायचं आहे.

चाकांच्या बाबतीत एक सूचना जिवाशी संबंधित आहे. या स्कूटरची रिम दोन तुकड्यांची असते आणि ते तुकडे नटांनी एकमेकांना धरलेले असतात. चाक गाडीवरून उतरवल्यावर हे नट सैल करण्याआधी ट्यूबमधली हवा पूर्ण सोडा, व्हॉल्व्हची पिनच काढून टाका. हवा भरलेली असताना नट काढले तर गंजलेली रिम फुटून तोंडावर येऊ शकते. गंजलेल्या रिम वाचवत बसू नका, नव्या घ्या.

अडकलेल्या बोल्टावर जोर लावायचा नसतो. त्यावर गंज सोडवणारं तेल सोडा आणि दोन दिवस जाऊ द्या, रोज हातोडीने हलके ठोके द्या, मग पान्हा लावा. तरी हलला नाही तर गॅसने तापवावा लागतो, पण इंजिनच्या ॲल्युमिनियममध्ये बसलेल्या स्टडना ज्योत लावताना जाणता माणूस जवळ हवा. आणि गाडीला पेट्रोलची टाकी असेपर्यंत ज्योत पेटवायची नाही. टाकी पहिल्यांदा उतरवून अंगणाच्या दुसऱ्या टोकाला न्या.

गंज

लोखंडाला पाणी आणि प्राणवायू मिळाला की गंज तयार होतो आणि तो मूळ लोखंडाच्या दुपटीहून जास्त जागा व्यापतो. म्हणून रंग फुगतो, दोन पत्र्यांमधली जोड उघडते, आणि त्या फटीत आणखी पाणी शिरतं. वरवर दिसणारा लाल गंज फारसा घातक नसतो. फुगलेला, पापुद्रे सुटणारा गंज असेल तिथे पत्रा उरलेलाच नाही असं समजा.

छोट्या भागांसाठी सगळ्यात सोपा उपाय लिंबूफूल, म्हणजे सायट्रिक ॲसिड. किराणा दुकानात मिळतं. लिटरभर कोमट पाण्यात साधारण ५० ग्रॅम घालून भाग रात्रभर बुडवा, सकाळी तारेच्या ब्रशने घासा, खाण्याच्या सोड्याच्या पाण्यातून काढा, लगेच पुसून उन्हात वाळवा आणि तेल लावा. कार्बोरेटर आणि ॲल्युमिनियमचे भाग त्यात घालायचे नाहीत. स्प्रिंगसुद्धा नाही, कारण ॲसिडात कडक पोलाद ठिसूळ होतं. दुकानदार मुरिॲटिक ॲसिड सुचवेल, ते घेऊ नका. गंज झटकन जातो खरा, पण भाग वाळायच्या आत पुन्हा पिवळा पडतो आणि त्याच्या वाफेने त्या खोलीतली सगळी हत्यारं गंजतात.

मडगार्ड किंवा साइड कव्हरसारख्या मोठ्या भागाला धुण्याचा सोडा आणि बॅटरी चार्जर वापरून गंज काढता येतो. प्लास्टिकच्या पिंपात पाणी, चार लिटरला चमचाभर धुण्याचा सोडा. चार्जरची ऋण तार आपल्या भागाला, धन तार टाकाऊ लोखंडाच्या तुकड्याला, आणि दोन्ही एकमेकांना शिवता कामा नयेत. गंज सुटतो आणि चांगल्या पत्र्याला धक्का लागत नाही, हा याचा मोठा गुण. मात्र या क्रियेत हायड्रोजन निघतो, म्हणून पिंप उघड्यावर ठेवायचं आणि जवळ विडी-काडी नको. धन बाजूला स्टेनलेस स्टील लावू नये, त्यातून विषारी क्रोमियम पाण्यात उतरतं.

मुख्य सांगाडा पिंपात मावत नाही. त्यासाठी एमआयडीसीत ब्लास्टिंग करणारे आहेत. त्यांना दोन गोष्टी सांगा : दाब कमी ठेवायचा आणि नदीची वाळू वापरायची नाही. जास्त दाबाने शील्डसारखा पसरट पत्रा लाटेसारखा वाकडा होतो, आणि वाळूच्या धुळीने कामगाराच्या फुप्फुसांचा कायमचा आजार होतो. बारीक गार्नेट किंवा ॲल्युमिनियम ऑक्साइड मागावं. घरी ग्राइंडरला तारेचा ब्रश लावून काम करायचं असेल तर चष्मा नव्हे, पूर्ण चेहरा झाकणारी ढाल घ्या. त्या ब्रशच्या तारा सुटून डोळ्यात जातात. जुन्या रंगात शिसं असण्याची शक्यता असते, तेव्हा पॉलिश पेपर ओला करूनच घासा आणि लहान मुलांना अंगणात येऊ देऊ नका.

फूटबोर्ड

सगळं काम इथे येऊन ठरतं, आणि घाईही इथेच होते.

दाबून तयार केलेले नवे फूटबोर्ड बाजारात मिळतात. पुण्यात नाना पेठेतल्या दुचाकींच्या सुट्या भागांच्या दुकानांत विचारा, बुधवारी-रविवारी जुन्या बाजारातही एखादा मूळ भाग हाती लागतो. विकत घेतलेला भाग पातळ असेल तर परत करा. जुन्या गाडीवर जिथे पत्रा शाबूत आहे तिथे व्हर्निअरने जाडी मोजा, नवा पत्रा तितकाच हवा. छोटे तुकडे स्वतः घडवायचे असतील तर सीआर पत्रा आणा, जीआय नको. जीआयवरचं जस्त वेल्डिंगच्या उष्णतेने जळतं, त्याच्या धुराने ताप येतो आणि जोडही कच्चा राहतो.

जुना फूटबोर्ड कापण्याआधी सांगाडा बांधून घ्या. २५ मिलिमीटरची अँगल पट्टी पुढच्या नळीपासून मागच्या पाठीपर्यंत दोन्ही बाजूंनी तात्पुरती टाके मारून जोडा. हे केलं नाही तर फूटबोर्ड निघताक्षणी पुढचा आणि मागचा भाग एकमेकांपासून हलतो. डोळ्यांना ते दिसत नाही, गाडी रस्त्यावर आल्यावर कळतं. ती एका बाजूला ओढते आणि हँडल सोडता येत नाही.

मापं घेण्याची पद्धत सोपी आहे. या स्कूटरचं इंजिन सांगाड्याला एकाच लांब आडव्या बोल्टावर झुलतं. त्या भोकातून एक सरळ सळई आरपार घाला. पुढच्या नळीतून दुसरी सळई घाला. समोर उभं राहून पाहिलं की उभी आणि आडवी सळई काटकोनात दिसली पाहिजेत. मग नळीच्या खालच्या टोकापासून आडव्या सळईच्या डाव्या आणि उजव्या टोकापर्यंतचं अंतर मोजा. दोन्ही सारखी हवीत. ही मापं भिंतीवर लिहून ठेवा. कापण्याआधी, टाके मारल्यावर आणि पूर्ण वेल्डिंग झाल्यावर, अशी तिन्ही वेळा तपासा. गाडीला पूर्वी अपघात झाला असेल तर तो या मापात पहिल्यांदाच उघडा पडतो.

फूटबोर्ड सगळा एकदम कापू नका. आधी डावी बाजू काढा, नवी बसवा, टाके मारा, मग उजवीकडे जा. कारखान्यात हे पत्रे ठिपक्या-ठिपक्यांच्या स्पॉट वेल्डिंगने जोडलेले असतात. प्रत्येक ठिपका ड्रिलने उघडला की जुना पत्रा कडेसकट सुटतो आणि खालची कडा शाबूत राहते. गॅस कटरने कापणारा भेटला तर त्याला नम्रपणे नकार द्या.

नवा फूटबोर्ड बसला की वेल्डिंग करायच्या आधी तो पकडींनी धरून त्यावर स्टँड, ब्रेक पेडल आणि दोन्ही साइड कव्हरं लावून बघा. कव्हरं बसत नसतील तर पत्रा इकडेतिकडे सरकवायची हीच वेळ आहे. ही तपासणी मी अत्यंत आग्रहाने सांगतो, कारण पुढे वेल्डिंग कापून पुन्हा करण्यात पत्रा खराब होतो.

वेल्डिंग मात्र बाहेर करा. ग्रिल आणि गेट बनवणाऱ्याकडच्या आर्क वेल्डिंगने पातळ पत्र्याला भोकं पडतात आणि तो उष्णतेने पिळवटतो. मोटारींच्या बॉडीचं काम करणारा, सीओटू वेल्डिंग असलेला कारागीर शोधा. सांगाडा छोट्या टेम्पोत घालून त्याच्याकडे न्यायचा आणि तिथे थांबायचं. त्याने सलग रेघ ओढू नये. पेराएवढा टाका डावीकडे, मग उजवीकडे, मध्ये पत्रा आपोआप निवू द्यावा, पाणी ओतू नये. दोन पत्रे जिथे एकावर एक बसतात त्या कडांना आतून जस्ताचा वेल्डिंग प्राइमर आधी मारून घ्यावा, कारण नंतर तिथे ब्रश पोहोचणार नाही. एका सडलेल्या पत्र्यावर दुसरा पत्रा ठेवून चारी बाजूंनी जोडायचा प्रस्ताव येईल. तो मान्य करू नका. दोन पत्र्यांच्या मध्ये गंज जिवंत राहतो, आणि दोन-तीन पावसाळ्यांत वरचाही पत्रा जातो.

पाणी बाहेर जाऊ द्या

गंज कुठून आला ते कारण बंद केलं नाही तर एवढं सगळं काम वाया जाईल. सांगाड्याच्या पोकळ भागांना खाली पाणी निघण्याची भोकं असतात. चिखलाने, जुन्या रंगाने आणि नव्या वेल्डिंगने ती बुजतात. ती उघडी करा. पोकळ उंचवट्यात वरून पाणी ओतून सगळं खालून बाहेर येतं का ते बघा, मग लगेच उन्हात पूर्ण वाळवा.

उघडा पत्रा रात्रभरसुद्धा तसाच ठेवू नका. हात लागला तिथे बोटांचे ठसे सकाळी गंजलेले दिसतात. थिनरने पुसून त्याच दिवशी दोन भागांचा एपॉक्सी प्राइमर मारा. आपल्याकडे सवयीने रेड ऑक्साइड मारतात. त्यावर वरचा रंग बसला नाही तर ते ओल शोषून घेतं आणि खाली गंज सुरू होतो. बारीक खड्ड्यांत राहिलेल्या गंजावर फॉस्फोरिक ॲसिडचं रस्ट कन्व्हर्टर चालतं, पण त्यावर कोणता प्राइमर चालेल हे डब्यावर वाचूनच घ्या. ॲसिडचा अंश राहिला तर एपॉक्सी सोलून निघतो. लांबी ही प्राइमरच्या वर, तीही कागदासारखी पातळ, फक्त पृष्ठभाग सपाट करण्यासाठी. जोडांना सीम सीलर लावा. रंगाचं सगळं काम संपल्यावर पोकळ भागांत नळीने कॅव्हिटी वॅक्स सोडा. जुनं इंजिन ऑइल फवारणारे आहेत, पण ते गळत राहतं आणि ब्रेकवर गेलं तर अनर्थ होतो.

रंगाबद्दल फार लिहीत नाही. मूळ रंग डिक्कीच्या आतल्या बाजूला सापडतो, तोच द्या. रंग बदलायचा असेल तर आरसीवर तशी नोंद करावी लागते. पीयू रंगातला हार्डनर श्वासातून जाणं घातक आहे, म्हणून तो पडवीत स्वतः फवारू नका, बूथ असलेल्या पेंटरकडे द्या. वेळेचं गणित मात्र सांभाळा. वाईत जून ते सप्टेंबर हवेत इतकी ओल असते की पत्रा उघडा ठेवताच येत नाही आणि ताजा रंग पांढुरका पडतो. सोडवणं, इंजिन आणि कागदपत्रं पावसाळ्यात, पत्रा दिवाळीनंतर, रंग होळीच्या आत.

इंजिन, टाकी, ब्रेक

इंजिन अडकलेलं असेल तर किक मारू नका. प्लग काढून सिलिंडरमध्ये तेल सोडा, आठवडाभर रोज थोडं घाला, मग मॅग्नेटोच्या चाकाला हाताने हलवून बघा. फिरू लागलं तरी तसंच चालू करण्याचा मोह टाळा. टू-स्ट्रोकमध्ये क्रँकच्या दोन्ही बाजूंची ऑइल सील वर्षानुवर्षं पडून कडक होतात. एका बाजूने गिअरचं तेल आत ओढलं जातं आणि पांढरा धूर निघतो. दुसऱ्या बाजूने हवा शिरते, मिश्रण पातळ होतं आणि पिस्टन तापून पकडतो. इंजिन उघडा, सील आणि क्रँकचे बेअरिंग बदला. बोअर करायचं तर सातारा किंवा कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात चांगले कारागीर आहेत.

स्कूटर तिरकी केल्याशिवाय चालू न होणं ही अनेकांच्या आठवणीतली गोष्ट आहे. टाकीतला गंज कॉकच्या जाळीत अडकल्यामुळेही तसं होऊ शकतं. टाकीत लिंबूफुलाचं पाणी आणि मूठभर नट घालून हलवा, सोड्याच्या पाण्याने धुवा, पूर्ण वाळवा. टाकीला भोक असेल तर घरी वेल्डिंग कधीही करू नका. रिकामी दिसणारी टाकीही पेट्रोलच्या वाफेने फुटते. आता पंपावर २० टक्के इथेनॉल असलेलं पेट्रोल मिळतं. इथेनॉल ओल ओढून घेतं आणि जुनं रबर फुगवतं, म्हणून पाइप आणि कार्बोरेटरचे वॉशर नवे घाला आणि गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर टाकी रिकामी करा.

ब्रेकच्या जुन्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं. ड्रम उघडल्यावर हवेने फुंकर मारू नका, ओल्या फडक्याने पुसा. केबल सगळ्या नव्या. टायर दिसायला चांगला असला तरी बाजूच्या भिंतीवर चिरा असतील तर टाकून द्या.

पहिली फेरी सुरूर रस्त्यावर, सपाटीला काढा. पसरणी घाट नंतर. घाट उतरताना आणखी एक काळजी घ्या : या इंजिनाला वंगण पेट्रोलमधूनच मिळतं. ॲक्सिलरेटर पूर्ण बंद ठेवून गिअरवर गाडी उतरवत राहिलात तर इंजिन फिरतं पण तेल जवळजवळ पोहोचत नाही. अधूनमधून थोडा ॲक्सिलरेटर द्या.

रस्त्यावर येण्याआधी नोंदणीचं नूतनीकरण, तृतीय पक्षाचा विमा आणि पीयूसी लागेल. पंधरा वर्षांनंतर खासगी गाडीची नोंदणी तपासणीनंतर पाच-पाच वर्षांसाठी वाढवली जाते, शिवाय पर्यावरण कर भरावा लागतो. केंद्र सरकारच्या २०२१ च्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं झालेली आणि मूळ रूपात असलेली गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते. त्यासाठी नव्या नोंदणीला २० हजार आणि फेरनोंदणीला ५ हजार रुपये शुल्क ठरवलेलं आहे. सत्तरच्या दशकातल्या प्रिया आता त्या वयाला पोहोचत आहेत. पण व्हिंटेज नोंदणीची गाडी रोज बाजारात नेता येत नाही, प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, इंधन एवढ्यासाठीच ती रस्त्यावर आणता येते. ज्याला मंडईत जायचं आहे त्याने साधं नूतनीकरणच करावं, असं माझं मत आहे.

साताऱ्यात आता स्कूटर बनत नाही. नव्या प्रिया येणार नाहीत, आहेत तेवढ्याच राहणार. तुमच्या पडवीतल्या गाडीची पाठ, पुढची नळी आणि नंबराचा पत्रा टोच्याने एकदा तपासा. हे तीन शाबूत असतील तर तिला वजनकाट्यावर पाठवू नका.